म्हाडाच्या सोडतीत पहिल्यांदाच अर्ज करताय? जाहिरात येण्याआधीच कामाला लागा

मुंबईत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाला दर अकरा महिन्यांनी तेच प्रश्न छळतात. भाडं किती वाढणार, मालक करार पुढे चालू ठेवणार का, आणि नाही ठेवला तर मुलांच्या शाळेचं काय? अशा घरात कधी ना कधी कुणीतरी म्हणतंच, ‘यंदा म्हाडाचा फॉर्म भरू या.’ मग पेपरात जाहिरात झळकते, पहिले दोन आठवडे चर्चेत जातात, शेवटच्या आठवड्यात अधिवासाच्या दाखल्यासाठी धावपळ सुरू होते आणि दाखला हातात पडेपर्यंत मुदत उलटून गेलेली असते.

म्हाडा ही राज्य सरकारची संस्था आपली घरं सोडतीने, म्हणजे लॉटरीने विकते. त्या सोडतीत संगणकाने आपलं नाव काढणं कुणाच्याच हातात नाही. मात्र आपला अर्ज त्या संगणकापर्यंत धडपणे पोचवणं आपल्या हातात आहे, आणि पुष्कळ गरजू लोकांचं घोडं तिथेच अडतं. म्हणून या लेखात सोडतीच्या दिवसापेक्षा त्याआधीच्या महिन्यांबद्दल जास्त लिहिलं आहे.

आधी भाड्याबद्दल

शहरात नव्याने आलेले बरेच जण पहिल्यांदा विचारतात की सरकार भाड्याला मदत करतं का. सर्वसाधारण भाडेकरूच्या खात्यात दरमहा भाड्याचे पैसे जमा होतील अशी योजना महाराष्ट्रात नाही. भाडं मिळतं ते पुनर्विकासासाठी राहतं घर रिकामं करावं लागलेल्यांना. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत ते विकासकाने द्यायचं असतं. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास म्हाडा करते आहे. तिथे रहिवाशांना संक्रमण गाळा (नवं घर होईपर्यंतची तात्पुरती जागा) किंवा दरमहा भाडं असा पर्याय ठेवला गेला. शहर भागातल्या जुन्या उपकरप्राप्त इमारती, म्हणजे ज्यांच्या दुरुस्तीसाठी उपकर भरला जातो त्या, म्हाडाच्या दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे येतात. अशी इमारत धोकादायक ठरली तर त्या मंडळाच्या संक्रमण शिबिराचा प्रश्न येतो. तुम्ही यांपैकी कुठे राहत असाल तर तुमचा मार्ग सोडतीचा नाही. तुमच्या इमारतीची किंवा झोपडीची पात्रता आधी लेखी स्वरूपात मिळवा आणि ती जपून ठेवा.

भाड्याच्या सरकारी घरांचे प्रयत्न झाले आहेत. एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, २००८ मध्ये १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली होती, पुढे तिचं धोरणच बदललं. प्रधानमंत्री आवास योजनेच्या १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा वेगळा घटक आहे. राज्याच्या मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये मंजूर केलेल्या गृहनिर्माण धोरणातही नोकरदार महिला, विद्यार्थी आणि कामगारांसाठी भाड्याच्या घरांचा विचार आहे. हे सगळं लवकर प्रत्यक्षात यावं असं मला मनापासून वाटतं, कारण घर विकत घेण्याची ऐपत नसलेल्या माणसाला सोडत काहीच देत नाही. पण आज अर्ज घेऊन जावं तर सामान्य कुटुंबासमोर मुख्य दार उरतं ते मालकीच्या घराच्या सोडतीचं.

कुणाची सोडत कुठे

म्हाडा, म्हणजे महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण, १९७७ पासून काम करतं आहे. त्याची विभागीय मंडळं वेगवेगळी आहेत आणि प्रत्येक मंडळाची सोडत स्वतंत्र निघते. मुंबई मंडळाकडे बृहन्मुंबई आहे. ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे कोकण मंडळाकडे. त्याशिवाय पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर अशी मंडळं आहेत. विरार, कल्याण किंवा ठाण्यातलं घर चालणार असेल तर फक्त मुंबईच्या जाहिरातीची वाट पाहत बसू नका, कोकण मंडळाच्या जाहिरातीवरही नजर ठेवा. नवी मुंबईत सिडकोची, म्हणजे ते शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, स्वतंत्र सोडत असते. सिडकोने ऑक्टोबर २०२४ मध्ये २६,००० घरांची योजना जाहीर केली आणि तिची सोडत फेब्रुवारी २०२५ मध्ये काढली.

गिरणी कामगार आणि त्यांच्या वारसांच्या घरांची प्रक्रिया पूर्ण वेगळी आहे. या लेखातले नियम त्यांना लावू नका.

आपण बसतो का?

अर्जदाराचं वय १८ पूर्ण हवं. महाराष्ट्रात गेल्या २० वर्षांपैकी सलग १५ वर्षं वास्तव्य हवं. इथे एक गैरसमज फार खोलवर बसला आहे, की मुंबईचंच रहिवासी असावं लागतं. तसं नाही. नांदेडहून किंवा सावंतवाडीहून परवा कामासाठी आलेली व्यक्तीही मुंबईच्या सोडतीत अर्ज करू शकते, कारण अट राज्यातल्या वास्तव्याची आहे. परराज्यातून येऊन पंधरा वर्षं झाली नसतील तर मात्र थांबावं लागेल. या काळात राहण्याचा पुरावा साठवत जा. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

दुसरी अट मालकीच्या घराची. ज्या शहराच्या सोडतीत अर्ज करताय त्या महापालिका हद्दीत तुमच्या, जोडीदाराच्या किंवा १८ वर्षांखालच्या मुलांच्या नावे घर किंवा निवासी भूखंड नसावा. म्हणजे मुंबईच्या साध्या योजनेत गावाकडचं वडिलोपार्जित घर आड येत नाही. पण योजना प्रधानमंत्री आवास योजनेखाली असेल तर भारतात कुठेही पक्कं घर नसावं लागतं. वडिलांच्या पश्चात गावच्या घराच्या नमुना ८ वर (ग्रामपंचायतीच्या घर नोंदीच्या उताऱ्यावर) भावंडांची नावं लागलेली असतात आणि मुंबईतल्या भावाला ते आठवतही नसतं. अर्ज करण्याआधी गावी फोन करून आपलं नाव कुठे लागलंय ते विचारून घ्या. स्वयंघोषणापत्रावर सही आपली असते, त्यामुळे जबाबदारीही आपलीच.

तिसरी अट उत्पन्नाची. मुंबईच्या अलीकडच्या सोडतींत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत असेल तर अत्यल्प गट, ६ ते ९ लाख अल्प, ९ ते १२ लाख मध्यम आणि १२ लाखांच्या वर उच्च असे गट होते. लहान शहरांसाठी खालच्या गटांच्या मर्यादा कमी आहेत. कौटुंबिक म्हणजे अर्जदार आणि त्याचा जोडीदार, एवढंच. एकत्र राहणाऱ्या आईवडिलांचं किंवा कमावत्या भावाचं उत्पन्न यात धरायचं नाही. तरीही ते मिळवून लोक स्वतःला वरच्या गटात ढकलतात आणि महागड्या घरांसाठी अर्ज करून बसतात. खालच्या गटातल्या माणसाला वरच्या गटाच्या घरासाठी अर्ज करता येतो. वरच्या गटातल्याला खाली उतरता येत नाही.

कागदपत्रं: खरं काम इथे आहे

२०२३ पासून म्हाडाने नवी संगणकीय प्रणाली आणली. पूर्वी आधी सोडत निघायची आणि मग विजेत्यांची कागदपत्रं तपासली जायची, त्यात महिने आणि कधीकधी वर्षं जायची. आता कागदपत्रं आधी अपलोड होतात, पात्रता आधी ठरते आणि पात्र अर्जच सोडतीत जातात. हा बदल चांगला आहे. पण याचा अर्थ असा की ‘लागलं तर बघू दाखल्याचं’ हे धोरण आता चालत नाही. जाहिरात आल्यावर अर्जाला मिळणारी मुदत आठवड्यांची असते आणि सरकारी दाखले त्याच आठवड्यांत मिळतील याची खात्री कुणी देत नाही.

सर्वांत आधी आधार आणि पॅन समोरासमोर ठेवा. नाव अक्षरशः एकच आहे का ते पाहा. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं आणि घोळ तिथेच होतो. आधारवर पूर्ण नाव, पॅनवर नुसती आद्याक्षरं, बँकेत मधलं नावच गायब. लग्न झालेल्या स्त्रियांच्या बाबतीत पॅन माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या नावाने, हे तर नेहमीचंच. यंत्रणेला ही दोन वेगळी माणसं वाटतात. आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा, कारण ओटीपी त्यावरच येतो. गावाकडचा जुना नंबर जोडलेला असेल तर आजच बदलून घ्या. विवाहित असाल तर जोडीदाराचं आधार आणि पॅनही लागतं, म्हणून ही सगळी तपासणी दोघांचीही करा. जोडीदाराचं पॅन काढलेलंच नसेल तर ते पहिलं काम.

मग अधिवासाचा दाखला. शाळेत दाखवलेला, दहा वर्षांपूर्वीचा, पिवळा पडलेला दाखला चालणार नाही. म्हाडाला १ जानेवारी २०१८ नंतर दिलेला, बारकोड असलेला दाखला हवा असतो. तो ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून किंवा जवळच्या सेतू केंद्रातून काढता येतो. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला, रेशनकार्ड, आधार, वीजबिल आणि पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे लागतात. ज्यांचं शिक्षण महाराष्ट्रात झालं त्यांना शाळा-कॉलेजची कागदपत्रं कामी येतात. भाड्याने घरं बदलत राहिलेल्यांना हा पुरावा उभा करणं जड जातं.

म्हणून भाडेकरूंना कळकळीने सांगतो की लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृतच करून घ्या आणि जुने सगळे करार जपून ठेवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकावर टाकलेली आहे. स्टॅम्प पेपरवर नोटरी करून दिलेला करार दोघांनाही स्वस्त पडतो, पण पंधरा वर्षांनी पुरावा म्हणून त्याला फारशी किंमत उरत नाही. नोंदणीकृत करारांची साखळी तुमच्याकडे असेल तर अधिवासाच्या अर्जात तीच भक्कम आधार देते.

उत्पन्नासाठी दोन मार्ग आहेत. आयकर विवरणपत्र भरत असाल तर जाहिरातीत सांगितलेल्या आर्थिक वर्षाचं विवरणपत्र. भरत नसाल तर त्याच वर्षाचा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला. वर्ष चुकलं की कागद बरोबर असूनही बाद होतो. २०२३ च्या सोडतीत १ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२३ या काळाचं उत्पन्न धरलं होतं, म्हणजे साधारणपणे नुकतंच संपलेलं आर्थिक वर्ष. माझं मत विचाराल तर करपात्र उत्पन्न नसलं तरी दरवर्षी विवरणपत्र भरावं. रिक्षा चालवणाऱ्याला, घरगुती डबे देणाऱ्या ताईंना, शिकवण्या घेणाऱ्याला पुढे गृहकर्ज घेताना हीच कागदपत्रं बँकेसमोर ठेवता येतात. तहसीलदाराच्या दाखल्यावर म्हाडा समाधानी होईल. बँक होईलच असं नाही. जोडीदारही कमावता असेल तर त्याच्या उत्पन्नाचा पुरावा वेगळा जोडावा लागतो.

आरक्षित प्रवर्गातून अर्ज करायचा असेल तर त्याचं प्रमाणपत्र आधी तयार ठेवा. अनुसूचित जातींसाठी ११ टक्के आणि अनुसूचित जमातींसाठी ६ टक्के घरं राखीव असतात. भटक्या व विमुक्त जमाती, दिव्यांग, माजी सैनिक, पत्रकार, कलाकार, राज्य व केंद्र सरकारी कर्मचारी यांचेही कोटे आहेत. जात प्रमाणपत्रासोबत वैधता प्रमाणपत्र मागितलं जातं. ते नसेल तर त्याच्या मागे आत्तापासून लागा, कारण त्याला लागणारा वेळ तुमच्या हातात नाही. घटस्फोटित असाल तर न्यायालयाच्या अंतिम आदेशाची प्रत हवी. वेगळे राहतो, प्रकरण चालू आहे, हे यंत्रणा समजून घेत नाही.

नोंदणी आणि अर्ज या दोन वेगळ्या गोष्टी

म्हाडाचं सोडतीचं अधिकृत संकेतस्थळ हाउसिंग डॉट म्हाडा डॉट जीओव्ही डॉट इन हे आहे. मोबाइल ॲपही आहे. नोंदणी एकदाच करायची असते आणि त्यासाठी जाहिरातीची वाट पाहायची गरज नाही. मोबाइल, ईमेल, आधार, पॅन, फोटो, वैवाहिक स्थिती, उत्पन्न आणि अधिवास ही माहिती भरून कागदपत्रं चढवा. फोटो काढताना आधारची पुढची-मागची बाजू स्वच्छ वाचता येईल अशी घ्या. कागदपत्र नाकारलं गेलं तर त्याचं कारण प्रोफाइलमध्ये दिसतं. ते सुधारून पुन्हा चढवा. हे शांतपणे करायला तीन-चार महिने हाताशी असणं आणि शेवटच्या दिवशी सर्व्हर रेंगाळत असताना करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ही नोंदणी म्हणजे अर्ज नव्हे. जाहिरात आल्यावर प्रत्येक योजनेसाठी, तिच्या संकेत क्रमांकानुसार, वेगळा अर्ज करावा लागतो आणि प्रत्येक अर्जाला वेगळी अनामत रक्कम भरावी लागते. मुंबईच्या २०२३ आणि २०२४ च्या सोडतींत ही अनामत अत्यल्प गटाला २५,००० रुपये, अल्प गटाला ५०,०००, मध्यम गटाला १ लाख आणि उच्च गटाला १ लाख ५० हजार होती. अर्जाचं शुल्क जीएसटीसह ५९० रुपये, आणि ते परत मिळत नाही. अनामत परत मिळते. पैसे आपल्याच बँक खात्यातून भरा आणि परताव्यासाठी तेच वापरातलं खातं द्या. अनामत भरेपर्यंत अर्ज पूर्ण झालेला नसतो. फॉर्म भरला, पैसे उद्या भरू म्हटलं आणि राहून गेलं, असं दरवेळी अनेकांचं होतं. २०२४ मध्ये आलेल्या अर्जांपैकी हजारो अर्ज अनामतीअभावी गळाले.

कुटुंबाला घर एकच मिळतं. जास्त अर्ज करून शक्यता वाढते हे खरं, पण व्याजाने पैसे काढून पाच-सहा अनामती भरू नका.

कोणतं घर निवडायचं

यावर लोक सर्वांत कमी वेळ घालवतात, आणि इथेच सर्वांत जास्त घालवायला हवा.

सोडतीची माहितीपुस्तिका डाउनलोड करून शेवटपर्यंत वाचा. २०२४ च्या मुंबई सोडतीतली २,०३० घरं एकाच प्रकारची नव्हती. १,३२७ म्हाडाने बांधलेली, ३७० पुनर्विकासातून विकासकांकडून मिळालेली आणि ३३३ मागच्या सोडतींतली विखुरलेली. म्हाडाच्या वसाहतीत शेजारी साधारण आपल्यासारखेच असतात. विकासकाच्या उंच इमारतीतल्या घराची किंमत आवाक्यात वाटली तरी तिथला देखभाल खर्च आपल्या पगाराला झेपेल का ते आधी पाहायला हवं. विखुरलेली घरं आहे त्या स्थितीत मिळतात, त्यामुळे दुरुस्तीचा खर्च धरूनच हिशोब करा. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (राहायला जाण्याची परवानगी) मिळालंय की बांधकाम चालू आहे हेही पुस्तिकेत पाहा. बांधकाम चालू असेल तर ताबा मिळेपर्यंत भाडं आणि हप्ता दोन्ही सोसावे लागतील.

मग त्या जागी जाऊन या. सकाळी गर्दीच्या वेळी स्टेशनपासून घरापर्यंत चालत किंवा बसने किती वेळ लागतो, पाणी किती वेळ येतं, शाळा आणि दवाखाना कुठे, हे शेजारच्या इमारतीतल्या बायकांना विचारा. त्या खरं सांगतात. विरार-बोळिंजच्या म्हाडा प्रकल्पात पाण्याच्या प्रश्नापायी घरं विकली जाईनात, ही गोष्ट सगळ्यांनी वाचलेली आहे. पाण्याची सोय झाल्यावर तिथली मागणी बदलली.

शक्यतेचाही विचार करा. २०२४ च्या सोडतीत अत्यल्प गटाला ३५९, अल्प गटाला ६२७, मध्यम गटाला ७६८ आणि उच्च गटाला २७६ घरं होती आणि अर्ज एक लाखाहून जास्त. म्हणजे सरासरीने एका घरामागे पन्नासहून अधिक माणसं. पण सरासरी फसवी असते. एखाद्या संकेत क्रमांकात तुमच्या प्रवर्गाला एकच घर असतं, दुसऱ्यात वीस असतात. तो तक्ता पुस्तिकेत छापलेला असतो. ज्या योजनेत आपल्या प्रवर्गाची घरं जास्त, तिथे अर्ज केलेला बरा.

हप्त्याचं गणित अर्जाआधी

२०२३ च्या सोडतीत गोरेगावच्या पहाडी भागात अत्यल्प गटासाठी १,९४७ घरं होती. घर सुमारे ३२२ चौरस फुटांचं, किंमत ३० लाख ४४ हजार. आजूबाजूच्या बाजारभावाच्या मानाने ही किंमत फारच कमी आहे, पण सहा लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला ती कशी पेलेल हे कागदावर मांडून पाहू.

समजा त्यातले २५ लाख कर्जाने उभे केले. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत धरली तर हप्ता महिन्याला साधारण २१,७०० रुपये येतो. घरात महिन्याला ५० हजार येत असतील तर ओढाताण होईल पण जमेल. ३० हजार येत असतील तर बँक एवढं कर्ज देणारच नाही. आणि उरलेले साडेपाच लाख रुपये रोख हवेत ते वेगळेच. त्यावर मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क, देखभालीची आगाऊ रक्कम, मालमत्ता कर. नोंदणी शुल्क एक टक्का, कमाल ३०,००० रुपये. मुद्रांक शुल्क मुंबईत सर्वसाधारणपणे सहा टक्के आहे. आवास योजनेतल्या घरांना मोठी सवलत असते.

अत्यल्प गटात घर लागूनही कर्ज न मिळाल्याने ते परत करणारी माणसं असतात, हे या योजनेतलं सर्वांत जिव्हारी लागणारं सत्य आहे. किंमत आणि उत्पन्नमर्यादा यांचा मेळ घालणं सरकारचं काम आहे आणि ते व्हायलाच हवं. तोवर आपण एवढं करू शकतो की अर्ज करण्याआधी बँकेत जाऊन आपल्याला किती कर्ज मिळू शकतं ते विचारून यायचं. क्रेडिट अहवाल काढून पाहा. मोबाइलच्या हप्त्याची जुनी थकबाकी असेल तर ती मिटवा. सहकारी पतपेढीचं कर्ज असेल तर लपवू नका.

आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात व्याज अनुदानाचा घटक आहे. वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल तर कर्जाच्या पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के अनुदान मिळतं, एकूण जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. एका कुटुंबाला योजनेच्या एकाच घटकाचा लाभ घेता येतो, त्यामुळे तुमचं घर आधीच आवास योजनेखालचं असेल तर हे वेगळं मिळणार नाही.

अर्ज केल्यानंतर

मुदत संपल्यावर स्वीकृत अर्जांची प्रारूप यादी संकेतस्थळावर येते. ती पाहण्याचं बरेच जण विसरतात. आपलं नाव नसेल किंवा प्रवर्ग चुकला असेल तर दावे-हरकती नोंदवायला फार थोडे दिवस मिळतात. २०२४ मध्ये जेमतेम दोन दिवस होते. त्यानंतर अंतिम यादी आणि मग सोडत. सोडत संगणकावर निघते, तिचं थेट प्रक्षेपण होतं आणि निकाल संकेतस्थळावर व एसएमएसने कळतो.

घर लागलं तर आधी सूचना पत्र येतं. घर हवं की नको हे ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन कळवायचं असतं. गप्प राहिलात तर घर हातचं जाऊ शकतं, म्हणून नोंदणीत दिलेला मोबाइल आणि ईमेल बदलू नका. त्यानंतर तात्पुरतं देकार पत्र, म्हणजे ऑफर लेटर. त्यात किंमत आणि हप्त्यांच्या तारखा लिहिलेल्या असतात. पहिल्यांदा २५ टक्के रक्कम, मग उरलेली ७५ टक्के. पहिली २५ टक्के रक्कम उभी करताना लोकांची खरी दमछाक होते, कारण बँकेचं कर्ज मंजूर होऊन हातात यायला वेळ लागतो. कर्जासाठी म्हाडाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. देकार पत्र मिळाल्याच्या दिवशीच त्यासाठी अर्ज करा. पूर्ण रक्कम, मुद्रांक आणि नोंदणी झाली की ताबा पत्र आणि किल्ल्या.

हे घर पाच वर्षं विकता येत नाही. नंतरही म्हाडाच्या परवानगीने आणि हस्तांतरण शुल्क भरूनच. मुखत्यारपत्रावर ‘आत्ताच विका, नावावर नंतर करू’ असा सल्ला देणारे भेटतील. त्या व्यवहारात विकणारा आणि घेणारा दोघेही अडकतात.

दलालापासून लांब

सोडतीसाठी म्हाडाने एकही दलाल, सल्लागार किंवा प्रतिनिधी नेमलेला नाही. हे प्रत्येक जाहिरातीत छापलेलं असतं, तरीही वांद्र्याच्या गृहनिर्माण भवनाबाहेर आणि समाजमाध्यमांवर ‘आतून काम करून देतो’ म्हणणारे भेटतात. संगणकीय सोडतीत आतून होण्यासारखं काही नाही. २०२४ च्या सोडतीच्या काळात म्हाडाच्या नावाने हुबेहूब बनावट संकेतस्थळ काढून लोकांना फसवल्याचा प्रकार पोलिसांपर्यंत गेला होता. पत्ता स्वतः टाइप करा, कुणी पाठवलेल्या लिंकवरून पैसे भरू नका, आणि ओटीपी कुणालाही सांगू नका. फॉर्म भरायला मदत हवी असेल तर घरातल्या शिकत्या मुलाला बसवा. सायबर कॅफेत भरलात तर तिथून निघताना लॉगआउट करा आणि पासवर्ड बदला.

नाव आलं नाही तर

अनामत तुमच्या खात्यात परत येते. नोंदणी तशीच राहते, त्यामुळे पुढच्या सोडतीत फक्त उत्पन्नाचा पुरावा नव्या वर्षाचा चढवावा लागतो. प्रतीक्षा यादीत नाव असेल तर प्रोफाइल अधूनमधून पाहत राहा. कोकण आणि पुणे मंडळं न विकल्या गेलेल्या घरांसाठी ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ या तत्त्वावर विक्री करतात. तिथे सोडत नसते, पात्रतेच्या अटीही शिथिल असतात, आणि घर खरंच लवकर हवं असेल तर हा मार्ग आधी पाहावा. तसंच महापालिका क्षेत्रात ४,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवर बांधणाऱ्या विकासकांना २० टक्के घरं अत्यल्प आणि अल्प गटासाठी द्यावी लागतात. हा नियम मुळात दहा लाखांहून जास्त लोकसंख्येच्या शहरांसाठी आणला गेला. कोकण, पुणे आणि नाशिक मंडळांच्या सोडतींत ही घरं येतात आणि चांगल्या वस्तीत असतात. पुढच्या जाहिरातीत ‘२० टक्के सर्वसमावेशक योजना’ हा मथळा शोधा आणि तो तक्ता आधी वाचा.